बिट्वीनचा बी

नाही, कुशाबा, तसं नाही—त्या दिवशी मी घरी नव्हतोच, तुमच्याच छापखान्यात होतो—तुम्ही विसरलात, तुमचंही बरोबर आहे, पुढे इतकं झालं. सकाळ तशी साधीच होती. हिनं पोहे केले, मीठ कमी पडलं म्हणाली, आणि मला पाठवलं—जाऊन बघा, कुशाबांनी शीर्षक नीट जुळवलंय का. बस, एवढंच. ठाकूरद्वारला दुकानं मिटायला लागली होती, तरी मी आलो. तुम्ही दाराच्या फळ्या लावल्यात, म्हणालात, मास्तर, आता बसा, बाहेर काही खरं नाही. मग आपण चहा प्यालो नि वाद घालत बसलो—तिच्या इंग्रजी पुस्तकाचं नाव ‘मील्स बिट्वीन शिफ्ट्स’, त्यातल्या बिट्वीनचा बी मोठ्या लिपीतला की छोट्या. तुम्ही टोमणाही मारलात—बाहेर लोक मुंबईसह महाराष्ट्र मागतायत आणि मास्तरांना बी हवाय. हसलो मी. हसलोच की. तेवढ्यात मागच्या दारानं आमच्या शेजारचा रघु आला, म्हणाला, मृणालिनीवहिनींना लागलंय. मी विचारलं, कुठं ठेचकाळली का?—आता वाटतं, असं कसं विचारलं मी—पण गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढताना बायकोला गोळी लागेल, हे माणसाच्या मनात येईल तरी कसं?

बसा ना, उभे का. प्रूफ ठेवा टेबलावर. हो, दिसतंय, दुरुस्त करून आणलंय. बी छोटा. गेल्या खेपेला मोठा करा म्हणालो, त्याच्या आधी छोटा म्हणालो, तेही मीच. कारण आहे त्याला. अमेरिकेतली विद्यापीठं काय करतात—शीर्षकातले महत्त्वाचे शब्द मोठ्या अक्षरानं सुरू करतात, पण मधले जोडणारे शब्द, ते कितीही लांब असोत, छोटे. तिथलीच वर्तमानपत्रं म्हणतात, छे, शब्द लांब असला तर त्याला मोठं अक्षर द्या. म्हणजे बिट्वीन एका घरी छोटा, दुसऱ्या घरी मोठा. आणि ग्रंथालयवाले तर पहिला शब्द सोडून सगळेच छोटे करतात, शिफ्ट्ससुद्धा. चूक कोणीच नाही, बरं का—एका घरचा नियम धरला की शेवटपर्यंत तोच पाळायचा, एवढंच पथ्य. तर मी म्हणतो, पुस्तक शेवटी ग्रंथालयातच जायचं, मग त्यांच्यासारखं का करू नये? शिफ्ट्सचा एस छोटा करून आणा, मग बघू.

असं बघू नका माझ्याकडे. शीर्षक नुसतं पहिल्या पानावर असतं तर गोष्ट वेगळी होती—ते पानापानाच्या डोक्यावर आहे, प्रत्येक ठिकाणी चिमट्यानं अक्षर काढायचं, दुसरं बसवायचं—कळतं मला. काय म्हणालात?—छापखान्याचे मालक? अक्षरांचे खिळे अडकून पडलेत, कॉलेजच्या अंकाचं काम आलंय, सोमवारपर्यंत मी ‘छापा’ लिहून सही केली नाही तर जुळवलेली पानं सोडणार, खिळे परत खणांत टाकणार. रास्त आहे त्यांचं. इतके महिने दोऱ्यानं बांधून ठेवलीत पानं, कुठला छापखाना ठेवतो? मग लालबागच्या सुभद्राबाईंची खाणावळ, गिरणीची पाळी सुटल्यावरच्या पंगती, माणसं वाढली की आमटीत पाणी घालून वरून लसणीची फोडणी कशी द्यायची, म्हणजे कोणाला कळत नाही—सगळं परत सुटं. दोन वर्षं त्या बायकांच्या चुलीपाशी बसून लिहिलं हिनं. मी म्हणायचो, मराठीत लिही. तर म्हणायची, सुभद्राबाई वाचणार नाहीतच, मग त्यांना कुठलीही भाषा सारखीच—गिरणी कोणाच्या जेवणावर चालते ते निदान मालकलोकांना तरी कळू दे.

तिला? तिला काय हवं होतं?

छोटा. छोटाच. ठरवूनच पाठवलं होतं तिनं—मी जिना उतरत होतो, वरून हाक मारून परत सांगितलं, छोटा ठेवायला सांगा हं. म्हणजे तुम्ही आज आणलंय तेच. तुम्ही पहिल्यांदा जुळवलं होतं, तेही तेच. हो, माहीत होतं मला. अहो, तुम्ही प्रूफ ठेवून गेलात ना, की मी चष्मा लावून बसतो, पेन्सिल तिचीच, आणि कुठं काही सापडतं का बघतो—तेवढा वेळ काम चालू असतं. तिचं काम. कपाटात हिचे कागद, टेबलावर हिचं प्रूफ, आतून हाक येईल असंच वाटतं—वेडेपणा आहे, कळतं मला. पण पुस्तक शिवून, बांधून हातात आलं, की मग काय? मग ते पुस्तक. लोक वाचतील, चांगलं म्हणतील, आणि पुढे ती काही लिहायची नाही. आणि नाही छापलं, तर हेही राहणार नाही. ह्या दोन्हींच्या मध्ये मी बसलोय, आणि तुम्हाला फेऱ्या घालायला लावतोय.

नका, काही बोलू नका. उठा तुम्ही, उशीर होईल. मालकांना सांगा—नाही, काही सांगू नका. प्रूफ बरोबर आहे, त्यात चूक नाही. सही मी केलेली नाही.