पुलाच्या अलीकडची पवनचक्की

डोळ्यांच्या दवाखान्यातली नर्स वेल्डरच्या डोळ्यांत औषध घालत होती. तो मात्र शेजारी बसलेल्या बहिणीवर खेकसत होता.

"आठ महिने जोडली ताई, समुद्रात तरंगणारी पवनचक्की! डोळ्यांचं वाटोळं झालं."

"मग नेली समुद्रात?"

"कशी नेणार? बंदराच्या तोंडावर पूल आहे. पवनचक्की पुलाच्या दुप्पट उंच!"

"कुणी मोजलं नाही?"

"मोजलं की! वारा मोजला, समुद्राची खोली मोजली, उद्घाटनाची फीतसुद्धा मोजली!"

"आता रे?"

"मीच कापायची. पुलापलीकडे नेऊन मीच परत जोडायची."

"अरे, डॉक्टर म्हणाले ना, आणखी वेल्डिंग केलंस तर नजर जाईल?"

"साहेबांना तेच सांगितलं. म्हटलं, त्यापेक्षा पूलच कापतो."

"मग?"

"म्हणाले, पुलाला हात लावायला परवानगी लागते. तुझ्या डोळ्यांना कुणाची लागत नाही."