ओहोटीला पाहिलेली खोली

हॅलो?… कोण बोलतंय?… अगं, तू होय. मग जावईबापूंच्या फोनवरून कशाला केलास?… काहीतरीच. तुझा नंबर बघून मी उचलत नाही असं कोण म्हणालं?… काल ऐकूच आला नाही गं, खरंच. इथे समुद्राचा आवाज केवढा असतो.

हं… हं… हो, आठवतंय ना. जाऊन बघायचं, कॉलेजप्रवेशाची मुलाखत द्यायची, हौस फिटली की परत. मीच म्हणाले होते. … हो, रात्रीच्याच गाडीने. … तुझी रजा संपतेय, सोमवारपासून ठकू माझ्याकडे, सगळं लक्षात आहे. स्वतःच्या नातीला विसरेन का मी?… काय करतेय ती?… माझी चप्पल? चघळू देऊ नकोस, ती बाहेरची आहे.

शहर?… शहर म्हणजे काय, आहे आपलं. काही विशेष नाही. गर्दी आहे. दमट आहे. … फारच. मीठ डबीतून पडत नाही, गोळा होऊन बसतं. टॉवेल आल्या दिवशी धुतला, तो अजून ओलाच. केसांचं तर विचारूच नकोस, झिपरी झालेय नुसती. … अगं हो, जेवले. वेळेवर. … साठीला आले मी, मला रस्ता ओलांडता येतो. … नाही, अनोळखी माणसांशी बोलत नाही. … अगं पण इथे ओळखीचं आहेच कोण? मग काय तोंडाला कुलूप लावून बसू?

खोली?… ठीक आहे. तिसरा मजला, एक पलंग, एक टेबल, एक खिडकी. कपाटाचं दार लागत नाही, त्याला पुठ्ठ्याची घडी लावून ठेवलीये. … हो, मुलींसाठीचंच घर. बाकीच्या सगळ्या विशीतल्या. मी आत शिरले तर चौघी ताडकन उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, कॉलेजातून कोणीतरी तपासणीला आलंय. … नाही, आता नाही उभ्या राहत. आता येऊन माझ्याकडे सुई-दोरा मागतात.

घरमालकीण बरी आहे. तिला सगळ्या काकू म्हणतात. … मीसुद्धा. … असेल दहा वर्षांनी लहान, मग? घराची रीतच आहे ती. नियम तर असे कडक… नऊला फाटक बंद. जिन्यात गप्पा मारायच्या नाहीत. पुरुष पाहुणे खोलीत चालणार नाहीत. … अगं तेच विचारलं मी. म्हटलं, आमचे हे आले तर? तर म्हणाली, त्यांनी खाली बाकावर बसायचं. … सांग बाबांना. … हो ना, इतक्या वर्षांच्या संसारानंतर बाकावर भेटायचं म्हटल्यावर नवा शर्ट शिवायला टाकतील ते.

अगं, आणि आल्या आल्या तिचं नि माझं भांडण झालं. … नाही गं, चूक माझीच. सांगते, पण कुणाकडे बोलू नकोस. शाळेतल्या कुणाच्या कानावर तर मुळीच जाता कामा नये. … ऐक ना. जाहिरातीत काय लिहिलं होतं? खिडकीतून समुद्र दिसतो. तूच वाचून दाखवलीस. मी संध्याकाळी पोचले, बॅग टेकवली, धावत जाऊन खिडकी उघडली… चिखल. नजर जाईल तिथवर नुसता चिखल. त्यात चार होड्या कलंडून पडलेल्या आणि एक माणूस बादली घेऊन चाललेला. मी तशीच तणतणत खाली. म्हटलं, बाई, समुद्र कुठाय? ती म्हणाली, गेलाय. म्हटलं, गेलाय म्हणजे? ती म्हणाली, येईल. … हसू नकोस. मी तिला म्हटलं, पंचवीस वर्षं मास्तरकी केलीये, असल्या थापा माझ्याकडे चालत नाहीत.

… हो, भूगोलाचीच. … माहितीये गं मला भरती-ओहोटी. आठवीला धडाच होता. चंद्र, सूर्य, पृथ्वी, निळा खडू, दर वर्षी फळाभर आकृती काढायचे. पण फळ्यावर तो एवढासा सरकायचा. चार बोटं. इथे अख्खा समुद्र उठून गेला होता. ते डोक्यात आलंच नाही. … हसून घे. घे हसून. मी पण काल रात्री उशीत तोंड खुपसून हसले.

मग काय, सकाळी उशिरा उठते तर खिडकीखालच्या भिंतीला लागलेला. होड्या सरळ उभ्या. सगळं हलतंय, चमकतंय… मी गाउनवर खिडकीत उभी. चहा गार झाला तरी कळलं नाही. मग गेले खाली, म्हटलं, काकू, चुकलं माझं. ती कांदा चिरत होती. वर न बघता म्हणाली, आला का?

… आवाज? कसला आवाज? माझा?… नाही, खूश कसली. बरी आहे. … अगं सांगितलं ना, दमट आहे.

काल?… काल हिंडले जरा. गोदीपर्यंत. तिथली एक बोट म्हणजे आपल्या शाळेच्या इमारतीएवढी, आणि तिला एक इवलीशी बोट ओढत नेत होती, पोरगं बापाला बाजारात ओढतं तशी. मग बाकावर बसून आइस्क्रीम खाल्लं. … एकटीने. भर दुपारी. … अर्धंच खाल्लं, उरलेलं एका पांढऱ्या पक्ष्याने हातातून नेलं, कोनासकट. समोरच्या बाकावरचे आजोबा म्हणाले, उद्या दोन घ्या. … हो, अनोळखीच होते. म्हणून काय उत्तर द्यायचं नाही?

एक सांगू?… तिकडे मी नुसती भाजीला निघाले तरी चौघे थांबवतात. बाई, कुठे निघालात. बाई, नात कशी आहे. बाई, आमच्या पोराला पास केलं असतंत तर… इथे दिवसभर चालले, एकाने विचारलं नाही. … नाही, वाईट नाही वाटलं. म्हणजे आधी वाटलं, थोडं घाबरायलाही झालं. मग हलकं वाटायला लागलं. बॅग खाली ठेवल्यावर खांद्याला वाटतं ना, तसं.

मुलाखत?… झाली. … बरी झाली. तिघं होते. मधला तर तुझ्याच वयाचा, त्याला बाळा म्हणणार होते, जीभ चावली. विचारलं, या वयात किनाऱ्यांचा अभ्यास कशाला? समुद्र कधी पाहिलात? म्हटलं, काल संध्याकाळी पाहायला गेले, तेव्हा तो नव्हता. … अगं तेच म्हणाले मी. तोंडातून निघून गेलं. मग चिखल, काकू, निळा खडू, सगळंच सांगावं लागलं. तो मधला चष्मा काढून डोळे पुसायला लागला. … हसून गं, हसून. पण मग नकाशे काढले त्यांनी, आणि तासभर सोडलं नाही मला. किनारा दर वर्षी किती खचतो, वाळू कुठून येते, कुठे जाते… मला जे येत नव्हतं ते नाही येत म्हणून सांगितलं. बाकीचं येत होतं.

… निकाल?… ठकू रडतेय का?… विषय नाही बदलत गं. … लागला. काल दुपारीच. … हो. … घेतलंय मला. 

… थँक्यू. … हो, छान झालं. मनाला समाधान. … हं, आता यायचं परत. … दुपारपर्यंत कळवायचंय, हो की नाही. नाहीतर जागा पुढच्याला जाईल. … दोन वर्षांचा अभ्यासक्रम. … तुला काय वाटतं?… नाही, तू सांग ना. तू म्हणशील तसं करते. … चिडतेस कशाला? यात चिडण्यासारखं काय आहे? तुझी अडचण मला दिसत नाही का?… मला काय हवंय? मला काय गं, तुम्ही सगळे खुशीत असलात की… काय?… ऐकतेय. … हं. … ओरडू नकोस, पोर दचकेल. … नाही, तसं नाहीये. … बोलते. थांब जरा.

मला राहायचंय.

… बरोबर ऐकलंस. मला इथे राहायचंय. … ठकूची आठवण येते. परवा बॅगेतून तिचा एक मोजा निघाला, तो उशाशी घेऊन झोपले. तरीही राहायचंय. दोन्ही खरं आहे, मी काय करू?… तुझी पंचाईत होणार, ते कळतं मला, वाईटही वाटतं. पण तुझ्यासाठी म्हणून परत आले ना, तर तिला खेळवता खेळवता तुझ्या नावाने मनात कुरकुर करत बसेन. आणि ती तुला ऐकू येईल. तुला सगळं ऐकू येतं, लहानपणापासून. … हो, मीच बोलतेय. दुसरं कोण?



… थांब, एक मिनिट, काकू आल्यात दारात. … काय म्हणता, काकू?… हो, तिलाच तेच सांगत होते. … अहो, पण माझे वडील नाहीत आता. आई आहे, तिला फोनवर ऐकू येत नाही. … अगं, ही म्हणतेय, राहणार असाल तर पालकांशी बोलल्याशिवाय किल्ली देणार नाही. सगळ्या मुलींना तोच नियम. … बाबा नाही चालत, विचारलं मी. म्हणते, नवरे विचार न करता हो म्हणतात. … काय?… तू?… तू बोलतेस?… हे बघ, नाही म्हणायचं असेल तर मला सांग, तिला नको. … बरं. … बरं, देते. काकू, घ्या. माझी मुलगी. पालक म्हणून हीच. जरा मोठ्याने बोला, तिकडे लहान मूल आहे.

हॅलो?… हो, मीच घरमालकीण. … मजेत आहेत तुमच्या आई. … छे हो, भांडण कसलं. दर वर्षी एखादी येतेच चिखल बघून ओरडायला. … बोला, ऐकतेय. … चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात. बरं. … हातात पुस्तक असलं की जेवत नाहीत, आणि विचारलं की जेवले म्हणून सांगतात. … असं का? काल मलाही तेच सांगितलं त्यांनी. बघते आता. … पाण्यात घोट्याच्या वर जायचं नाही. … सांगेन, पण ऐकतील असं काही दिसत नाही. … बरं वाटेनासं झालं तर आधी तुम्हाला फोन, त्या नको म्हणाल्या तरी. … करेन. … म्हणजे तुमचा होकार आहे ना? मला स्पष्ट लागतो, ताई, मागून कटकट नको. … ठीक.

मग छोटीकडे कोण बघणार?… मला काय करायचंय म्हणा, कानावर पडलं म्हणून विचारलं. … पाळणाघर. … नाव घातलंय? कधी?… आईंनी इथला अर्ज भरला, त्याच आठवड्यात?… अहो, मग त्यांना एवढा वेळ ताटकळत का ठेवलंत?… हं. … हं. … आयतं हातात द्यायचं नव्हतं. त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. … नाही सांगत. अहो, पण सांगायचं काय? त्या इथेच उभ्या आहेत, फोनला कान लावून. … सगळं ऐकलं. … नाही, हसत नाहीयेत. … घ्या हो तुम्हीच, मला नाही हे बघवत. किल्ली टेबलावर ठेवतेय.

हॅलो?… लबाड. … त्याच आठवड्यात? मी जाईन की नाही हे तेव्हा माझं मलाच माहीत नव्हतं. … आणि कालपासून माझा जीव टांगणीला लावून… हो. … हो, म्हणाले ना, ऐकलंस ना एकदा. … पुन्हा नाही म्हणणार. … बरं बाई. मला राहायचंय. झालं?

पाळणाघर कुठलं?… दवाखान्यामागचं? जिन्याला फाटक आहे का?… बाई तिरसट नाही ना?… दोनदा जाऊन बसलीस तिथे. … झोपवतात कशा, पाठीवर थोपटून की नुसतं आडवं करून?… मग ठीक. … तिला थोपटल्याशिवाय झोप येत नाही, सांगून ठेव. … अगं, आता तू रडू नकोस, ती घाबरेल. … मीही नाही रडत. दमट हवा आहे.

… नाही गं, आता नको. कॉलेजची कचेरी पार उताराच्या टोकाला आहे, आणि दुपारच्या आत सही करायचीये. … सगळं सांगेन, संध्याकाळी. … हो, जेवून निघते. … खरंच जेवून. … अगं ऐक, रोज 'आई, ठेवते, कामं आहेत' असं तू म्हणतेस, आणि मी आपली फोन हातात धरून बसते. आज मला कामं आहेत. ठेवते.