ब्रीदर पाईपातला बोळा

मी मूळचा मंद्रूपचा. घरची शेती कोरडवाहू, विहिरीवर एक डिझेल इंजिन, ते मी सातवीत असताना उघडलं आन मला परत जोडता आलं न्हाय. वडलांनी मारलं न्हाय, नुसतं म्हणाले, आता जोडाय शिकूनच घरी ये. तसा सोलापुरात आलो, बशीरचाचांच्या गॅरेजात पंधरा वर्षं काढली आन मग स्वतःचं गॅरेज टाकलं. चाचा एकच गोष्ट रोज सांगायचे, तेल कां से निकल्या वो नक्को देख रे, कायकू निकल्या वो देख. रोज सांगायचे, ताई, आन मी नेमकं तेच विसरलो. म्हणून आधी मला माझा राग येतो, मग दाजीचा.

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सुरेखाचा नवरा. तोंडावर मी तुमीच म्हणतो, मानाचं नातं हाय, पर आता बोलताना तो म्हणतोय, तसंच लिवा. त्याची जुनी पिकअप हाय, मार्केट यार्डातनं कांदा वाहतो. टर्बोचं इंजिन. टर्बो म्हणजे काय, तर धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, इंजिनात जादा हवा कोंबतो. ती गाडी इंजिन आन गिअरबॉक्सच्या सांध्यातनं तेल गळाय लागली. दाजी म्हणाला, मागचं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी रिंग, ती बदला. बदललं. गिअरबॉक्स उतरवायचा, सील घालायचं, परत चढवायचा, पाठ मोडती हो. पंधरा दिवसांत परत गळाली. परत बदललं. मग इंजिनाच्या वरच्या झाकणातनं, टॅपेट कव्हरातनं गळाय लागली, मग टर्बोतनं, मागनं निळा धूर, आन तेल बघायची पट्टी, ती डिपस्टिक, ती आपली आपणच वर यायची. मी काय केलं? जितं तेल दिसलं तितं पाना लावला. काय सांगू तुमाला, येड्यासारखा पाना लावला.

मग एक दिवस यार्डाच्या पिकअप स्टँडवर, चहाच्या गाड्यापाशी, वीस-पंचवीस ड्रायव्हर, सगळी माझीच गिऱ्हाइकं, त्यांच्यापुढं दाजी वरडला. मेव्हणा म्हणून गाडी दिली आन गाडीची माती केली यानं. याला बैलगाडीच्या चाकाला वंगण लावाय ठेवा. एक जण म्हणाला, ते तरी गळणार न्हाय न्हवं, मिस्त्री? सगळे हसले. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं दाजीला सांगितलं होतं, इंजिन संपलंय, पूर्ण खोलावं लागंल. मी म्हणालो, दाजी, एक दिवस द्या. उद्या संध्याकाळी दोष दाखवला न्हाय तर हितंच उभा राहून म्हणीन, मला काम येत न्हाय. आन दाखवला तर तुमी हितंच म्हणायचं, मिस्त्रीला बोललो ते चुकलं. दाजी म्हणाला, म्हणीन की.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना हातातच घेतला न्हाय. इंजिन चालू केलं, तेल भरायचं टोपण काढलं आन तिथंच उलटं ठेवलं. थडथड नाचाय लागलं आन उडून खाली पडलं. म्हणजे आत हवा कोंडलीय. आता ती हवा येती कुटनं? पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तिथनं येणार. मीटर लावून चारी सिलेंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, बघितलं, चारी सारखी, ठणठणीत. इंजिन संपलंय म्हणणाऱ्याला दाखवाय पायजे होतं. मग टर्बो? टर्बोचा दांडा बोटानं हलवून बघितला, घट्ट. आन गाडी उभी असताना टर्बो नीट हवा फुगवतच न्हाय, टोपण तर तवाच नाचत होतं. मग शेजारच्या बांधकामावरनं गवंड्याचा लेव्हल पाईप आणला, तो पारदर्शक असतो न्हवं, त्यात पाणी भरून डिपस्टिकच्या भोकाला लावला. चांगल्या इंजिनाला पाणी दोन बोटं हलतं. हितं फवारा माझ्या तोंडावर आला.

कुठल्याही इंजिनात थोडी हवा रिंगांच्या बाजूनं खाली उतरतीच, नवं असू दे न्हायतर जुनं. तिला भाईर जायला एक पाईप असतो, ब्रीदर म्हणतात. तो तुंबला की हवा तेलाला ढकलती, सील असू दे, गॅस्केट असू दे, जितं कच्चं तिथनं भाईर. टर्बोतलं तेल आपल्या वजनानं खाली उतरतं, पर खालनं हवा दाबत असंल तर उतरंल कसं? या गाडीचा ब्रीदर पाईप आधीच्या मालकानं हवेच्या फिल्टरपासनं काढून खाली मोकळा सोडलेला. त्याचं तोंड चेसीच्या आडव्या पट्टीमागं, दिसत न्हाय. मी दोन येळा गिअरबॉक्स उतरवला आन दोन्ही येळा तिकडं बघितलं न्हाय. बोट घातलं. कापड लागलं. पक्कडीनं वढलं तर हातभर बोळा निघाला, तेलानं काळा, पर घडी उलगडली तर आत हिरवं-तांबडं. सोलापुरी चादरीचा तुकडा. ती चादर मीच सुरेखाला भाऊबीजेला दिलेली.

बोळा काढल्यावर पाणी दोन बोटांवर थांबलं, टोपण जागचं हललं न्हाय. मी सुरेखाला फोन लावला. विचारलं, चादर पाईपात कशी गेली? मग म्हणाली, दादा, मीच घातला. घरापुढं नवी फरशी केलीय, गाडी तिथंच लागती, त्या पाईपातनं रोज तेलाचे थेंब पडायचे आन ह्ये रोज म्हणायचे, बाईला साधी फरशी राखता येत न्हाय. सोड्यानं घासून घासून माझी बोटं सोलली, दादा. एक दिवस वाकून बघितलं, कुटनं गळतं ते, आन दिला बोळा कोंबून. इंजिनाला काय होतं मला काय ठावं? ह्यांना सांगू नको. मी म्हणालो, न्हाय सांगत, संध्याकाळी स्टँडवर गाळ होता म्हणीन.

मी नवा पाईप टाकून ब्रीदर परत फिल्टरला जोडला, जसा पायजे तसा, आता फरशीवर थेंब पडायचं कामच न्हाय. संध्याकाळी गाडी घेऊन स्टँडवर गेलो. टोपण उलटं ठेवून सगळ्यांना दाखवलं. म्हणालो, पाईप तुंबला होता. दाजी म्हणाला, कशानं? मी म्हणालो, गाळानं. मग दाजी हसून म्हणाला, दोन येळा सील बदलताना डोळे कुटं होते, मिस्त्री? परत सगळे हसले. बोळा माझ्या खिशात. वाटलं, काढावा आन त्याच्या तोंडावर मारावा. पर मग घरी गेल्यावर तिचं काय?

तेवढ्यात रिक्षातनं सुरेखा उतरली. ती बाई कधी यार्डात आलेली न्हाय. सगळ्यांपुढं म्हणाली, दादा खोटं बोलतोय. गाळ न्हाय, बोळा होता, मी घातला. तुमाला फरशी स्वच्छ पायजे होती की, अहो. घ्या स्वच्छ फरशी. वंगणावरनं मला हसलेला तो ड्रायव्हर चहाच्या कपात बघाय लागला. दाजीनं गाडी चालू केली, दार उघडलं, तिला म्हणाला, बस. ती म्हणाली, आधी ठरलं होतं ते म्हणा. दाजी म्हणाला, बसतीस का न्हाय? ती न्हाय बसली. माझ्या घरी आली, चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी तो न्यायला आला, दारात उभा राहिला, तिला म्हणाला, चल, फरशीचं काय बोलणार न्हाय आता. ती गेली. तिचं तिला कळतं. माझ्याकडं त्यानं बघितलंसुदिक न्हाय.

मी मात्र स्टँडवरल्या त्या संध्याकाळनंतर दुसऱ्याच दिवशी त्या चहाच्या गाड्यापाशी जाऊन बोललो होतो, दोन येळा सील बदललं, पाईप बघितला न्हाय, चूक माझी. सगळ्यांनी ऐकलं. लाज वाटली, पर बोललो. आता तेल गळणारी गाडी आली की पयलं ब्रीदरमधी बोट घालतो.

दाजीची गाडी रोज माझ्या गॅरेजवरनं जाती. कोरडी ठाक, धूर न्हाय, आवाज असा की ऐकत बसावं. कधी एकदा हॉर्न मारत न्हाय. मी रोज संध्याकाळी स्टँडवर जातो, त्याच बाकड्यावर बसतो, चहा घेतो. तो समोर दिसतो. मी काय विचारत न्हाय, नुसता बसतो. ड्रायव्हर लोकंबी आता हसत न्हायत, बघत असतात, आज दाजी चुकलं म्हणतोय का म्हणून. देवा, त्याचं इंजिन लाख किलोमीटर चालू दे, माझ्या हाताचं काम हाय त्ये. पर त्याला एकदा तोंड उघडू दे, हितं, या गाड्यापाशी.