उत्साहात पार पडला

—नाही नाही, योगेंद्र, आधी बस. पत्रकार संघाचा सेक्रेटरी घरी येतो आणि दारातूनच बोलायला लागतो, असं कुठे असतं? सत्कार माझा, मग पाहुणचारही माझाच. मंजुळा खाली गेलीय, गजरा आणायला. हो, गजरा! मला वाटलं म्हणेल, 'मला कशाला, तुम्हीच जा'— तर बाईसाहेब परवाच शिंप्याकडून ब्लाउज आणून बसल्यात. काशीगावचे तिचे दोन्ही भाऊ येतायत. तेच ते, लग्न ठरवताना विचारणारे— 'पोरगा पेपरान लिवतो ता ठीक हाय, पन नोकरी कंची करतो?'

आता तूच सांग, तीस वर्षांत मी कुणाच्या सत्काराला नव्हतो? आपले नगरसेवक अण्णा, दहीहंडीवाले, नया नगरचा कॅरम चॅम्पियन— सगळ्यांच्या शाली बघितल्या. माझ्या वाट्याला काय? गार समोसा आणि 'दादा, फोटो जरा मोठा लावा हां.' चांदणीच्या बारशाला, स्वतःच्या मुलीच्या बारशाला, मी उत्तनला— होडी बुडाली म्हणून फोन आला होता. बुडाली कसली, चिखलात रुतली होती! मंजुळा एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागतं बघ. म्हणून म्हणतो, आज टाळ्या माझ्यासाठी वाजू देत आणि तिच्या कानांवर पडू देत. शालीचं काय, ती कपाटात जायची.

काय सांगायचंय? सांग की, पण आधी बातमी ऐक. हो, दिली पण! असा काय बघतोस, तू काय नवीन आहेस धंद्यात? आपलं पान छपाईला सुटतं संध्याकाळी, कार्यक्रम त्यानंतर. वाट बघत बसलं तर बातमी परवाच्या अंकात, आणि शिळी बातमी कोण वाचतो? म्हणून दुपारीच 'पार पडला' असं लिहायचं, आणि रात्री तो पार पडतोच. माझ्या बातमीत आलेला कार्यक्रम झाला नाही, असं कधी झालेलं नाही. एकदा मंडप कोसळला तर रस्त्यावर चार माणसं उभी करून भाषण करायला लावलंय मी! ऐक— 'ज्येष्ठ पत्रकार हरिश्चंद्र घरत यांचा सत्कार टाळ्यांच्या कडकडाटात, उत्साहात पार पडला. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी सौ. मंजुळा यांना अश्रू अनावर झाले.' आता ती रडेल की नाही, मला काय माहीत! रडेल. नाहीतर मी रडेन, घरातलं कुणीतरी रडल्याशी मतलब.

चहा घे ना, निवला. घाम का पुसतोयस, पंखा तर चालू— काय? हॉल नाही? दिला? कुणाला दिला? अण्णांच्या वाढदिवसाला... आज? अरे, अण्णांच्या वाढदिवसाची बातमीपण मीच पाठवलीय! 'हजारोंच्या उपस्थितीत'— त्याच मेलमध्ये, माझ्या सत्काराच्या खाली! वाढदिवस कुठे आहे, ते विचारायचंच राहिलं. नव्या पोरांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो— कोण, कधी, कुठे— आणि मीच 'कुठे' विसरलो. हसू नकोस. बरं, हस, मलाही येतंय. पण पान सुटलंय रे, उद्या छापून येणार. आणि छापलेलं जाऊ दे चुलीत— मंजुळाला काय सांगू?

लिफ्ट थांबली. तीच. तू गप्प बस, मी बोलतो.

ये, ये! वा, गजरा शोभतोय. अगं, हा योगेंद्र सांगायला आलाय— हॉलमध्ये फार उकडतं ना, म्हणून कार्यक्रम आपल्याच बिल्डिंगच्या गच्चीवर ठेवलाय. घरचीच माणसं, मोकळी हवा, सिल्व्हर पार्कात असं कधी झालं नाही— काय? कसला बॅनर? हॉलच्या दारावर अण्णांचा... तू फुलवालीकडे जातानाच बघितलास? जातानाच?

आणि तरीही गजरा घेतलास?

...योगेंद्र, तू जा. वर जाऊन खुर्च्या मांड, तिच्या भावांना पहिल्या रांगेत बसव. नाही रे, डोळ्यांत काही गेलेलं नाही. बातमीतलं एक खरं झालं, एवढंच. जा म्हटलं ना!