चौथं भावंड आणि सासूबाईंचे डोळे

...अहो, पण मी मुद्दाम केलं का? ऐकून तर घ्या! घरात कोणी ऐकत नाही म्हणून तुम्हाला सांगतो. आत सासूबाई डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडल्यात, बायको माझ्याशी नुसती भांड्यांच्या आवाजात बोलतेय, आणि मी इथे दाराशी... चोरासारखा! शाम्पू आणला कोणी? मीच! चांगला म्हणून सांगितला कोणी? मीच! पण तुम्हाला सांगतो, घराणं चांगलं होतं हो!

घराणं म्हणजे रसायनाचं. माझं कामच ते. नवीन रसायन डोळ्याला झोंबेल का, हे मी ठरवतो. पूर्वी सशाच्या डोळ्यांत घालून बघायचे... बिचारा ससा! आता तसं नाही. आता त्याच्यासारखी दुसरी रसायनं शोधायची, त्याची भावंडंच म्हणा ना, ती पूर्वी कोणाच्या डोळ्याला झोंबली होती का ते जुन्या कागदांत बघायचं, आणि त्यावरून याचा स्वभाव ठरवायचा. शितावरून भाताची परीक्षा! ससा सुखी, कंपनी सुखी, मी खुर्चीत सुखी!

तर या शाम्पूत फेस आणणारं एक नवीन रसायन आहे. त्याची भावंडं चार. तिघं अगदी गरीब गाय, डोळ्यांत गेली तरी पापणी लवायची नाही. चौथं मात्र... जरा तिखट. जरा म्हणजे काय, डोळा लालबुंद! आणि आता तुमच्यापासून काय लपवायचं, आमच्या रसायनाचा तोंडावळा सगळ्यात जास्त जुळायचा तो त्या चौथ्याशीच. पण साहेब टेबलाशी उभे, "अहो, झालं का? बाटल्या भरायच्या खोळंबल्यात! एवढा काय कीस काढताय?" मग मी काय केलं... चौथ्याला लांबचा नातेवाईक ठरवलं आणि दिलं उडवून! तिघांच्या भरवशावर सही ठोकली. घराणं चांगलं होतं हो!

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही माणसाने? छे! नमुन्याची बाटली घरी आणली आणि छाती फुगवून सासूबाईंना म्हणालो, "आई, बिनधास्त वापरा, डोळे उघडे ठेवून न्हालात तरी चालेल!" आणि त्या माउलीने... ठेवले उघडे! जावयाच्या शब्दावर! आजवर या घरात माझ्या शब्दावर कोणी छत्रीसुद्धा घेतली नाही, आणि नेमका आजच विश्वास?

किंकाळी अशी, की वरच्या मजल्यावरचे खाली आले! मी धावत गेलो, त्यांना नळाशी वाकवलं, डोळ्यांवर पाणी सोडतोय, सोडतोय, आणि त्या विचारताहेत, "जावईबापू, दिसेल ना हो मला?"... सशाला वाचवलं, आणि सासूबाईंना...! डोळ्यांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "सूज आहे, उतरेल. पण घातलं काय होतं डोळ्यांत?" आता काय सांगणार? घराणं चांगलं होतं?

तिथूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, बाटल्या थांबवा. चौथं भावंड मी गाळलं होतं." तर म्हणतात, "गाळलं तर गाळलं, आता कशाला उकरून काढताय? तिघं आहेत ना?" म्हटलं, "तिघं आहेत हो, पण सासूबाईंना डोळे दोनच आहेत!" आणि ठेवून दिला. नोकरी राहते की जाते, देव जाणे.

मग घरी आल्यावर आत गेलो, पाय धरले, सगळं कबूल केलं. म्हटलं, "आई, तिघं चांगली दिसली आणि चौथ्याकडे मी काणाडोळा केला, चुकलं माझं." त्यांनी रुमाल जरासा उचलला, एका लाल डोळ्याने मला नखशिखान्त न्याहाळलं, आणि काय म्हणाव्यात? "असू द्या हो जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. होतं असं. आम्ही तरी काय केलं? तुमच्या थोरल्या तिघा भावांकडे बघून चौथ्याला मुलगी दिलीच ना!"

घराणं... चांगलंच आहे हो आमचं!