हाताने लावलेले नट

स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते.

“दादा, एका पान्यासाठी एवढी घाई?”

“अगं, जुना मोडला. चाकाचे नट नुसते हाताने लावलेत. गाडी जमिनीवर टेकली, की मग पान्याने आवळायचे असतात.”

“जॅकवरच आहे ना अजून?”

“उतरवली. शेजारच्या काकांना जॅक परत हवा होता.”

“आणि किल्ली?”

“गाडीलाच. आबा झोपलेत, कोण हात लावणार?”

“झोपलेत? आत्ताच फोन आला त्यांचा. म्हणाले, माझी चाळीस वर्षांची गाडी पोराने नवरीसारखी सजवलीय, तुम्हाला घ्यायला निघालो.”

“फोन लाव! उतार लागायच्या आत थांबव त्यांना!”

“लावतेय रे. नुसता वाजतोय.”

“परत लाव!”

“दादा, गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, अशी शपथ तूच घातलीस ना त्यांना?”