पाणमोट फुटल्यापासून

नाव साखराबाई, भ्रतार सटवा. उमर अंदाजे पन्नास. धंदा सुईणपण. राहणार मौजे पाली, तालुका बीड. तारीख २१ माहे तीर, सन १३२६ फसली, सकाळी नऊ वाजता.

ठाण्यात अमीनसाहेबांसमोर सांगते की, माझी लेक जानकी घरी बाळंत व्हायची हाय. काल सकाळी तिची पाणमोट फुटली, सगळं पाणी गेलं, कळा न्हाईत. शिपायानं मला तिच्या उशापासून उठवून आणलं. मला लई भ्या वाटतंय. लवकर लिहा.

चंद्रभागाबाईची फिर्याद हाय की मी तिच्या नातवाला घुटीतून विष दिलं. ते साफ खोटं. घुटी तिनंच उगाळली.

तिच्या सुनेची, केशरची, पाणमोट अवसेला दिवस उगवताना फुटली. मी म्हणलं, पोरीला चालवू, कळा येऊ द्या. चंद्रभागाबाई म्हणाली, "अवसेचं पोर बापाला जड जातं. आजचा दिस टळू दे." पोरीला बाजेवर पाडून पाय उंच केले. मी का गप बसले, असं अमीनसाहेब इचारतात. त्या घरात सुईणीचं कोण ऐकतं?

रिकामं बसवेना म्हणून दर घटकेला तेलाचा हात आत घालून वाट किती उघडली ते बघत होते. आमच्यात असंच बघतात. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगा झाला. केशरला ताप होता. पोरगा रडला, मग कण्हायला लागला. छाती आत वढायची, थानाला तोंड लावीना, अंग गार पडलं. सांजेला गेला.

डाक्टरसाहेबांनी प्रेत तपासलं, विष न्हाई म्हणले. आत्ता ठाण्याच्या ओट्यावर मला सांगितलं, "बाई, आईच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. पाणी गेलं की ते बाळाकडे चढतात. तू हात घालून त्यांना आणखी वर ढकललंस."

हे मला आज कळलं. काल दिवसभर जानकीला मी तसाच हात घातला. निघताना शेजारच्या छबुबाईला बसवलं. ती माझ्याच हाताखाली शिकली. दर घटकेला बघत जा, असं तिला मीच सांगून आले.

लिहिलेलं कारकुनानं, मुहर्रीरांनी, मोठ्यानं वाचून ऐकवलं. मी बोलले तेच हाय, त्याखाली अंगठा उठवते. पायी जायला मला दोन तास लागतील. शिपायाकडं घोडं हाय. मला हवं तितकं बसवून ठेवा, पन त्याला आधी धाडा. छबूला म्हणावं, आत हात घालू नको.